प्रतीक्षेचे गणित : वेब सर्व्हरच्या भारचाचणीविषयी

पूर्वी ज्या कामासाठी कचेरीत अर्ज द्यावा लागे, पोच घ्यावी लागे आणि मुदत भरेपर्यंत हेलपाटे घालावे लागत, त्यांतील पुष्कळशी कामे आता वेब सर्व्हर नावाच्या यंत्रव्यवस्थेकडे सोपविण्यात आली आहेत. रेल्वेचे आरक्षण, आयकराचे विवरणपत्र, सात-बाराचा उतारा, महाविद्यालयातील प्रवेश आणि दहावी-बारावीचा निकाल हे सारे आज त्याच मार्गाने नागरिकापर्यंत पोचते. या स्थित्यंतराने लोकांची पायपीट वाचली हे निर्विवाद आहे; तथापि त्याबरोबर एक गोष्ट नजरेआड झाली, ती म्हणजे रांग. कचेरीच्या ओसरीवर जमलेली माणसे अंमलदाराला दिसत, त्यांची कुजबुज त्याच्या कानी येई, आणि काम तुंबले आहे हे कळण्यासाठी त्याला कोणत्याही तक्त्याची गरज नसे. सर्व्हरपुढे खोळंबलेली माणसे मात्र आपापल्या गावी, आपापल्या घरी, हातातल्या पडद्याकडे पाहत बसलेली असतात. ती परस्परांना दिसत नाहीत आणि ज्याने ती व्यवस्था उभारली त्यालाही दिसत नाहीत. ही अदृश्य रांग प्रसंग येण्यापूर्वीच मुद्दाम निर्माण करून, तिची लांबी आणि तिच्यातील प्रत्येकाच्या वाट्याला आलेला विलंब काटेकोरपणे मोजण्याचे जे शास्त्र, त्याला भारचाचणी किंवा व्यवसायातील रूढ शब्दांत लोड टेस्टिंग म्हणतात. आणि त्याचा परिचय मराठी वाचकाला करून द्यावा, हा या पुस्तकाचा हेतू आहे.

विषयाचे गांभीर्य एका परिचित उदाहरणावरून ध्यानात येईल. महाराष्ट्रात दहावीचा निकाल दुपारी १ वाजता ऑनलाइन खुला होतो, आणि परीक्षार्थींची संख्या १५ लाखांच्या घरात असते. हे सर्व जण एका तासात समप्रमाणात आले असते, तर सेकंदाला सुमारे ४१७ भेटी एवढाच भार पडला असता. परंतु निकालाची उत्कंठा तासभर विभागून येत नसते. त्यांतील एक-तृतीयांश विद्यार्थी पहिल्या ५ मिनिटांत आले असे गृहीत धरले, तर हाच दर सेकंदाला सुमारे १,६६७ भेटींवर जातो. आणि एका भेटीत पान, चित्रे, प्रपत्र व उत्तर मिळून ६ विनंत्या सर्व्हरकडे जातात असे मानले, तर सेकंदाला १० हजार विनंत्यांचा हिशेब समोर उभा राहतो. तासाच्या सरासरीवर विसंबून ज्याने व्यवस्था केली, त्याने त्या पहिल्या पाच मिनिटांतील पाच लाख मुलांची व्यवस्था केलीच नाही, असा याचा अर्थ होतो. सरासरी ही एक बाब आहे आणि प्रत्यक्ष थांबलेल्या माणसाचा अनुभव ही दुसरी बाब आहे. भारचाचणी प्रामाणिक व्हायची असेल तर ती या दुसऱ्या बाबीच्या बाजूने केली पाहिजे, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन असून पुढील सर्व प्रकरणे त्याच्याच विस्तारासाठी लिहिलेली आहेत.

हे प्रतिपादन नवे नाही. त्याचा उगम कोपनहेगन शहरातील दूरध्वनी कंपनीच्या दफ्तरात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झालेला आहे. आग्नेर क्रारुप एर्लांग हा डॅनिश गणितज्ञ १९०८ मध्ये त्या कंपनीच्या सेवेत रुजू झाला आणि पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्याने असे दाखवून दिले की स्वतंत्रपणे, कोणाला न विचारता येणारे दूरध्वनी पॉयसाँच्या संभाव्यता-नियमाला अनुसरतात. १९१७ मध्ये त्याने त्याहून महत्त्वाची सूत्रे प्रसिद्ध केली : अमुक इतकी मागणी आणि अमुक इतक्या तारा असतील तर किती ग्राहकांना नकार मिळेल, आणि त्यांना थांबवून ठेवायचे ठरविल्यास किती थांबावे लागेल. या सूत्रांतील एक आकडा मुद्दाम सांगण्याजोगा आहे. सरासरीने दहा संभाषणे चालू राहतील एवढी मागणी आहे म्हणून एखाद्याने दहाच तारा बसविल्या, तर शंभरांतील सुमारे २१ ग्राहकांना तार रिकामी मिळणार नाही. आणि हे प्रमाण शेकडा एकाच्या खाली आणावयाचे असेल तर दहांऐवजी १८ तारा लागतील. सरासरी मागणीइतकी सरासरी तरतूद केली म्हणजे भागले, हा व्यवहारातील सर्वसाधारण समज एर्लांगच्या गणितापुढे टिकत नाही, कारण मागणी यादृच्छिक असते आणि कधी तुरळक, कधी झुंडीने येते. १९४६ मध्ये दूरध्वनी-वाहतुकीच्या एककाला एर्लांगचे नाव देण्यात आले. त्याने तारांविषयी जे सिद्ध केले ते वेब सर्व्हरच्या प्रक्रिया, धागे आणि डेटाबेसच्या जोडण्या यांनाही लागू पडते, आणि म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण त्याच्यापासून सुरू होते.

भारचाचणीत मुख्यतः दोन राशी मोजल्या जातात. एका सेकंदात सर्व्हरने किती विनंत्यांचा निकाल लावला, ती पहिली राशी, थ्रूपुट. आणि एखादी विनंती निघाल्यापासून तिचे पूर्ण उत्तर हाती पडेपर्यंत किती वेळ गेला, ती दुसरी, म्हणजे लेटन्सी अथवा प्रतिसादकाल. पहिली राशी व्यवस्थेच्या मालकाला प्रिय असते, कारण तिच्यावरून खर्चाचा हिशेब मांडता येतो. दुसरीशी मात्र लोकांचा प्रत्यक्ष संबंध येतो. या दोहोंना जोडणारा अतिशय साधा पण अत्यंत व्यापक नियम जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ मध्ये सिद्ध केला : व्यवस्थेत कोणत्याही वेळी सरासरीने जितक्या विनंत्या अडकलेल्या असतात, ती संख्या म्हणजे आगमनाचा दर आणि प्रत्येकीचा सरासरी मुक्काम यांचा गुणाकार होय. सेकंदाला २०० विनंत्या येत असतील आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागत असेल, तर सदासर्वदा सुमारे १०० विनंत्या व्यवस्थेच्या पोटात राहणार; आणि सर्व्हरला एका वेळी ८०च हाताळण्याची परवानगी असेल, तर उरलेल्यांना बाहेर तिष्ठत राहावे लागणार, हे कोणतीही चाचणी न करता कागदावरच सांगता येते. चाचणीचे आकडे या नियमाशी जुळत नसतील, तर मोजणीत कोठे तरी दोष आहे असे खुशाल समजावे.

दुसरा नियम क्षमतेच्या वापराविषयीचा आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे अनेक व्यवस्था ऐन वेळी कोलमडतात. एकच सर्व्हर आहे, विनंत्या यादृच्छिक येतात आणि प्रत्येकीला लागणारा वेळही तसाच कमीजास्त होतो, अशी कल्पना करू. आणि रांग नसताना एका विनंतीला सरासरी २० मिलिसेकंद लागतात असे धरू. सर्व्हर निम्मा वेळ कामात असेल तर प्रतिसादकाल ४० मिलिसेकंद होतो. शेकडा ८० वापराला तो १०० होतो, ९० ला २००, ९५ ला ४००, आणि ९९ ला पूर्ण दोन सेकंद. वापर ५० वरून ८० वर गेला तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. ९५ वरून ९९ वर जाताना मात्र, म्हणजे अवघ्या चार टक्क्यांच्या वाढीने, विलंब पाचपट झाला. भार आणि विलंब यांची वाढ समप्रमाणात होत नाही, क्षमतेच्या सीमेजवळ ती भूमिती श्रेणीलाही मागे टाकते. म्हणून ‘आज इतका भार सहज पेलला, उद्या थोडा वाढला तर थोडाच उशीर होईल’ हे अनुमान सर्वस्वी धोक्याचे आहे. चाचणी करताना भार पायरीपायरीने वाढवीत नेऊन प्रत्येक पायरीवर दोन्ही राशींची नोंद का ठेवावयाची, याचे कारण हेच. वक्र कोठे वळतो हे एका बिंदूवरून कधीही कळत नाही.

ही रांग प्रत्यक्षात कोठे लागते, हे समजण्यासाठी वेब सर्व्हरच्या घडणीचा थोडा इतिहास पाहावा लागतो. १९९५ मध्ये अवतरलेला आणि पुढे वर्षानुवर्षे जगात अग्रस्थानी राहिलेला अपाची सर्व्हर आपल्या प्रीफोर्क पद्धतीत प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया खर्ची घालीत असे, आणि अशा प्रक्रियांची मूळ मर्यादा २५६ होती. २५७ वा ग्राहक आला की त्याला कर्नलने, म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याने, राखलेल्या प्रतीक्षासूचीत जागा मिळे. तो ग्राहक सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीत तोवर आलेलाच नसतो, आणि म्हणून त्या नोंदवहीवरून काढलेला प्रतिसादकाल त्याच्या प्रतीक्षेची दखलही घेत नाही. १९९९ मध्ये डॅन केगेल या अभियंत्याने एका यंत्राने एका वेळी दहा हजार ग्राहक का हाताळू नयेत, असा प्रश्न उपस्थित केला; तो प्रश्न ‘सी-टेन-के’ या संक्षिप्त नावाने प्रसिद्ध आहे. फ्रीबीएसडीतील केक्यू आणि लिनक्समधील ईपोल या सोयी त्याच सुमारास सिद्ध झाल्या, आणि रशियातील इगोर सिसोयेव याने २००२ मध्ये आरंभिलेला व २००४ मध्ये लोकांसाठी खुला केलेला एनजिनएक्स हा सर्व्हर मोजक्या प्रक्रियांच्या बळावर हजारो जोडण्या सांभाळू लागला. मात्र त्यामुळे रांग नाहीशी झाली असे नाही. ती पुढच्या मुक्कामी सरकली. आज ती बहुधा अनुप्रयोगाच्या धाग्यांपुढे, डेटाबेसच्या जोडण्यांच्या साठ्यापुढे किंवा एखाद्या कुलुपबंद नोंदीपुढे लागलेली आढळते. म्हणून स्थिर चित्रे पाठवून घेतलेली चाचणी ‘सर्व्हर सेकंदाला अमुक हजार विनंत्या पेलतो’ असे सांगते, तेव्हा ती खऱ्या अरुंद जागेविषयी काहीच सांगत नसते.

चाचणीची साधने आता विपुल झाली आहेत. इंग्लंडमधील झ्यूस टेक्नॉलॉजी या कंपनीत अॅडम ट्विस याने १९९६ मध्ये लिहिलेले आणि पुढे अपाचीबरोबरच वितरित होऊ लागलेले अपाचीबेंच, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘एबी’, हे त्यांतील सर्वांत सुलभ. एकूण किती विनंत्या आणि एका वेळी किती, हे दोन आकडे दिले की ते कामाला लागते. त्याच्या अहवालातील एका स्थळी मात्र नवशिक्याने थांबावे. एका वेळी १०० विनंत्या ठेवून सेकंदाला २,००० चा दर मिळाला, तर ‘प्रत्येक विनंतीचा वेळ’ या शीर्षकाखाली तेथे दोन आकडे छापले जातात, एक ५० मिलिसेकंदांचा आणि दुसरा अर्ध्या मिलिसेकंदाचा. यांतील पहिला ग्राहकाला आलेला खरा अनुभव होय, आणि लिटलच्या नियमाने तो पडताळूनही पाहता येतो. दुसरा केवळ थ्रूपुटचा व्यस्तांक असून कोणत्याही विनंतीला तेवढा अल्प वेळ लागलेला नसतो. हा दुसरा आकडा प्रतिसादकाल म्हणून वरिष्ठांपुढे मांडण्याचा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे. तशीच दक्षता चुकांच्या बाबतीत हवी. सर्व्हर थकला की तो पुष्कळदा त्रुटीचे छोटेसे पान पाठवून मोकळा होतो, आणि ते पान खऱ्या उत्तरापेक्षा कितीतरी लवकर तयार होते. परिणामी व्यवस्था कोसळत असतानाच थ्रूपुट वाढल्याचा आणि विलंब घटल्याचा भास होतो. यशस्वी आणि अयशस्वी उत्तरांची गणना स्वतंत्र ठेवल्याखेरीज कोणताही आकडा ग्राह्य मानू नये.

येथवर आलेल्या गोष्टी दक्षतेच्या आहेत. यापुढील गोष्ट तत्त्वाची आहे. बहुतेक साधने आपल्या ठायी काही कृत्रिम ग्राहक निर्माण करतात, आणि प्रत्येक ग्राहक आपले उत्तर मिळाल्यानंतरच पुढची विनंती पाठवितो. हा प्रकार असा आहे की, कचेरीच्या खिडकीपुढे दहाच माणसे उभी करावी, आणि काम झालेल्यानेच पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहावे असा शिरस्ता घालून द्यावा. कारकून कितीही मंदावला, मध्येच उठून गेला, तरी रांग दहांपलीकडे वाढायची नाही, कारण तो थांबला की येणारेही थांबतात. गावातून येणारी खरी माणसे असा शिरस्ता पाळीत नाहीत. कारकून जागेवर आहे की नाही याचा विचार न करता ती येतच राहतात. पहिल्या प्रकाराला बंद प्रतिमान आणि दुसऱ्याला खुले प्रतिमान असे म्हणतात. राइस विद्यापीठातील गौरव बंगा आणि पीटर ड्रुशेल यांनी १९९७ मध्येच दाखवून दिले होते की, साध्या बंद ग्राहकांच्या बळावर सर्व्हरवर क्षमतेबाहेरचा भार टाकताच येत नाही. १९९८ मध्ये डेव्हिड मॉसबर्गर आणि ताई जिन यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत घडविलेले एचटीटीपर्फ हे साधन म्हणूनच उत्तराची वाट न पाहता ठरलेल्या दराने विनंत्या पाठवू शके. २००६ मध्ये बियांका श्रोडर, अॅडम वियरमन आणि मोर हार्शोल-बाल्टर यांनी या दोन प्रतिमानांची सविस्तर तुलना करून, एकाच व्यवस्थेविषयी ती किती भिन्न निष्कर्ष देतात हे सिद्ध केले. इतके असूनही व्यवहारात बंद चाचणीच सर्रास चालते, आणि तिचेच आकडे करारनाम्यात उतरतात.

यातून मोजणीत जो दोष शिरतो, त्याला गिल टेने या अभियंत्याने कोऑर्डिनेटेड ओमिशन असे नाव दिले. चाचणी घेणारा आणि सर्व्हर यांनी जणू संगनमत करून नेमक्या वाईट क्षणांच्या नोंदी गाळाव्यात, असा तो दोष आहे. त्याचे परिमाण आकड्यांनीच पटावे म्हणून एक हिशेब मांडतो. एक सर्व्हर प्रत्येक विनंतीला १० मिलिसेकंदांत उत्तर देतो, सेकंदाला १०० विनंत्या पाठविण्याचे ठरले आहे, आणि चाचणी ६० सेकंद चालणार आहे. मध्येच ६ सेकंद सर्व्हर पूर्ण निश्चल होतो. एकामागून एक विनंती पाठविणाऱ्या बंद ग्राहकाच्या वहीत ५,४०० नोंदी १० मिलिसेकंदांच्या पडतील आणि फक्त एक नोंद ६ सेकंदांची. सरासरी निघेल सुमारे ११ मिलिसेकंद, आणि हजारांतील ९९९ विनंत्या १० मिलिसेकंदांत पार पडल्या असा दाखला देता येईल. आता खऱ्या लोकांचा विचार करू. त्या ६ सेकंदांत ६०० जण यायचेच होते आणि ते आले. पहिल्याला ६ सेकंद, शेवटच्याला जवळजवळ शून्य, असे ते सरासरी ३ सेकंद थांबले. व्यवस्था पुन्हा सुरू होताच त्यांची सारी तुंबलेली कामे तत्क्षणी निकालात निघाली असे उदारपणे मानले, तरी ६,००० जणांची खरी सरासरी ३०० मिलिसेकंदांच्या पलीकडे जाते, आणि शंभरांतील एकाला ५.४ सेकंदांहून अधिक काळ तिष्ठावे लागते. सर्व्हर तोच, मिनिट तेच. एका वहीप्रमाणे विलंब नाहीच, आणि दुसऱ्या वहीप्रमाणे दहांतील एक माणूस खोळंबला. दुसरी वही खरी आहे, कारण तीत विनंती प्रत्यक्ष केव्हा निघाली याऐवजी ती केव्हा निघायला हवी होती तेथून काळ मोजला आहे. विल ग्लोझर याच्या डब्ल्यूआरके या साधनात टेने याने नेमकी हीच सुधारणा करून डब्ल्यूआरके-टू सिद्ध केले, आणि या पुस्तकातील प्रयोगांसाठी ठरलेल्या दराने विनंत्या पाठविणारीच साधने निवडण्याचे कारणही हेच आहे.

सरासरीऐवजी शतमक का वापरावेत, हेही यावरून उघड होईल. पन्नासावा शतमक, म्हणजे मध्यक, निम्म्या लोकांचा अनुभव सांगतो. ९५ वा, ९९ वा आणि ९९.९ वा शतमक ज्यांच्या वाट्याला वाईट अनुभव आला त्यांच्याकडे लक्ष वेधतात. शंभरांतील एकाचा विलंब क्षुल्लक मानावा, असे काहींना वाटते. परंतु आधुनिक पानाची घडण पाहिली म्हणजे हा समज दूर होतो. गूगलमधील जेफ डीन आणि लुइस आंद्रे बारोसो यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात असा हिशेब मांडला आहे की, प्रत्येक सर्व्हर शंभरांतून एकदाच मंद असेल, पण एका ग्राहकाच्या उत्तरासाठी असे १०० सर्व्हर एकदम लागत असतील, तर शंभरांतील ६३ ग्राहकांना तो मंदपणा भोगावा लागेल. घटकाच्या पातळीवरचा अपवाद समग्र व्यवस्थेच्या पातळीवर नियम होऊन बसतो. येथे आणखी एक इशारा आवश्यक आहे : पाच सर्व्हरांचे पाच ९९ वे शतमक घेऊन त्यांची सरासरी काढली, तर येणाऱ्या आकड्याला कोणताही अर्थ नसतो, मूळ वितरणे एकत्र करूनच नवा शतमक काढावा लागतो.

चाचणीची पूर्वतयारी हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय असल्याने येथे ओझरता उल्लेख पुरे. भार निर्माण करणारे यंत्र आणि ज्याची परीक्षा घ्यावयाची तो सर्व्हर ही वेगवेगळी असावीत, नाही तर दोघे एकाच प्रोसेसरवर हक्क सांगू लागतात आणि मोजणी दूषित होते. भार टाकणाऱ्या यंत्राच्या मर्यादाही तपासाव्यात. लिनक्सच्या मूळ मांडणीत बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी ३२,७६८ ते ६०,९९९ एवढेच, म्हणजे २८,२३२ पोर्ट उपलब्ध असतात, आणि जोडणी त्या यंत्रानेच आधी बंद केली तर प्रत्येक पोर्ट ६० सेकंद अडकून राहतो. एकाच पत्त्यावर सातत्याने दर सेकंदाला सुमारे ४७० हून अधिक नव्या जोडण्या अशा यंत्राला करता येत नाहीत, आणि हा अडथळा सर्व्हरच्या माथी मारला जाण्याचा संभव असतो. परीक्षेसाठीचा डेटाबेस खऱ्याइतका मोठा असावा, विनंत्यांत खऱ्या लोकांइतकी विविधता असावी, नाही तर सारी उत्तरे कॅशमधूनच येतात. चाचणी इतका वेळ चालावी की स्मृतीची गळती, कचरा-संकलनाचे विराम आणि भरत जाणाऱ्या डिस्का यांना प्रकट व्हायला अवसर मिळेल. दोन मिनिटांच्या परीक्षेवरून दिवसभराची ग्वाही देता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालकाच्या लेखी संमतीवाचून कोणाच्याही सर्व्हरवर भार टाकू नये. जाणूनबुजून सेवेत व्यत्यय आणणे किंवा अधिकृत व्यक्तीचा प्रवेश रोखणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ४३ व्या कलमाखाली येते. परंतु कायद्याची भीती बाजूला ठेवली, तरी ज्या शास्त्राचा हेतू लोकांची प्रतीक्षा कमी करणे हा आहे, त्याच्या अभ्यासकाने ती वाढविण्यास कारण होणे सर्वथा अनुचित आहे.

आता शेवटचा प्रश्न उरतो, तो म्हणजे क्षमता संपल्यानंतर काय होते. थ्रूपुट शिखरावर पोचून तेथेच स्थिर राहील, अशी आशा असते. ती पुष्कळदा फोल ठरते. १९८६ च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांच्यामधील, अवघ्या ४०० यार्डांवरचा, जाळ्याचा दर सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला होता. व्हॅन जेकबसन याने त्याची चिकित्सा करून १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला, आणि आजचे इंटरनेट त्या उपायावर उभे आहे. कारण एवढेच होते की, न पोचलेली माहिती यंत्रे पुन्हापुन्हा पाठवीत राहिली आणि पुनःप्रेषणाच्या त्या ओझ्याखाली उपयुक्त काम जवळजवळ संपुष्टात आले. उत्तर येत नाही म्हणून पान पुन्हापुन्हा ताजे करणारी माणसे आणि आपोआप पुनर्प्रयत्न करणारी मोबाइल अॅप आज तेच करतात. सर्व्हर ज्या विनंतीवर श्रम घेत असतो, ती करणारा केव्हाच निघून गेलेला असतो आणि त्याचीच दुसरी विनंती मागे रांगेत उभी असते. म्हणून क्षमतेच्या दीडपट, दुप्पट भार टाकून व्यवस्था कशी वागते हे पाहणे चाचणीचा अनिवार्य भाग मानला पाहिजे. जी व्यवस्था आपल्या ताकदीपुरत्या विनंत्या घेऊन उरलेल्यांना तत्काळ आणि स्पष्टपणे ‘थोड्या वेळाने या’ असे सांगते, ती सर्वांनाच आत घेऊन कोणालाच उत्तर न देणाऱ्या व्यवस्थेपेक्षा लोकांशी अधिक सचोटीने वागते.

हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिले आहे, त्यांत संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि सर्व्हर सांभाळणारे अभियंते तर आहेतच. परंतु ज्यांच्या सहीने अशा व्यवस्था विकत घेतल्या जातात त्या अधिकाऱ्यांनीही निदान पहिली चार प्रकरणे वाचावीत, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. त्यांना सूत्रांची तसदी घेण्याची गरज नाही. निविदेत ‘व्यवस्था एका वेळी एक लाख वापरकर्ते हाताळील’ एवढेच मोघम वाक्य घालून समाधान मानण्याऐवजी त्यांनी पाच गोष्टी लेखी मागाव्यात : विनंत्या कोणत्या दराने आल्या आणि तो दर उत्तरांवर अवलंबून होता की स्वतंत्र, चाचणी किती वेळ चालली, ९९ व्या शतमकाचा विलंब किती आणि तो कोणत्या क्षणापासून मोजला, किती विनंत्या अयशस्वी झाल्या, आणि भार क्षमतेच्या दुप्पट झाला तेव्हा काय घडले. या पाचांची सरळ उत्तरे ज्या अहवालात आहेत, तो विश्वासाला पात्र आहे. ज्यात ती नाहीत, तो कितीही आकर्षक आलेखांनी सजविलेला असला तरी परत पाठवून चाचणी नव्याने करण्यास फर्मावावे. कारण तसे न केल्यास तीच चाचणी उद्घाटनाच्या दिवशी, लक्षावधी लोकांच्या वेळेच्या मोलाने, पार पडणार आहे.